गप्पा मारू या

कार्ले, शुक्रवार

प्रिय राजू,

चैतू बोलायला लागली. वाचून हरखशील, म्हणून आधीच सांगते, हरखू नकोस.

साडेतीन वर्षांची पोर एक शब्द बोलत नाही म्हणून दीड महिन्यापूर्वी तूच तिला माझ्याकडे आणून सोडलीस. "ताई, तुज्या अंगणवाडीत समदी पोरं बोलत्यात, हिलाबी बोलती कर," म्हणालास. मीही कंबर कसली. भाजी निवडताना भाजीची नावं सांगायची, बडबडगीतं म्हणायची, तिने बोट दाखवलं की त्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. तळेगावला नेऊन कान तपासले, ते ठणठणीत निघाले. एकच गोष्ट कळेना. रोज सकाळी पोरांना गोल बसवून मी म्हणते, "चला, गप्पा मारू या." बाकीची पोरं सरसावून बसतात आणि चैतू दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीशी गोळा होते. मला वाटलं, लाजते. वीस वर्षं या कामात घालवली, पण अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

मंगळवारी भातुकली खेळताना तिने बाहुली उताणी पाडली, केस मुठीत धरले आणि तिचं डोकं फरशीवर आपटायला लागली. आपटता आपटता स्वच्छ बोलली, "गप. मारू? गप. मारू?" बाहुलीचं डोकं फुटलं तरी थांबेना. आवाज तिचा होता राजू, पण ठेका तुझा. मी रोज तिला गप्पांना बोलवत होते आणि तिला ऐकू येत होतं ते हे.

तो ठेका मी लगेच ओळखला, कारण तो आबांचा आहे. आबा चुलीतलं लाकूड घेऊन आईच्या अंगावर धावायचे, तेव्हा मी तुला कणगीमागे ओढून तुझं तोंड दाबायचे. तू माझा तळहात चावायचास, रक्त यायचं, तरी मी सोडायचे नाही. तुला वाचवलं असं मी आजवर समजत होते. खरं तर गप राहायला तुला मीच शिकवलं, त्याची मला लाज वाटते. तुझी मात्र कीव येत नाही.

काल मानसी आली. मोडलेला हात ओढणीत बांधलेला, वरचा ओठ फाटलेला. तुमच्या नवलाख उंबरे गावापासून इथपर्यंत तिला कुणी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. चैतू तिच्या मांडीवर चढली, सुजलेल्या ओठाला बोट लावलं आणि म्हणाली, "आई, बोल." मग मानसी बोलली. आधी माझ्यापाशी, नंतर पोलीस चौकीत, तीन तास. तिच्या तक्रारीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. रविवारी पोरीला न्यायला येतोस असा तुझा निरोप होता, म्हणून हे पत्र. येऊ नकोस. पोलीस बोलावतील तेव्हा जा, आणि जे केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग.

तरीही तुझीच,
नंदाताई