तुमच्या गाडीले एवढी ताकद काहून?

अहो,

ऐकून राहिले ना? तुमची काळी जर्मन गाडी आज विकली जाणार होती, म्हणून बसली लिहायले. एरवी तुमच्याशी मनातल्या मनात भांडण चालूच असते, पण आजची गोष्ट मनात मावत नाही.

आधी माझा प्रश्न ऐका. दिवाळीनंतर तुम्ही गेले, तेव्हापासून तो डोक्यात फिरून राहिला. ज्या माणसानं जन्मभर स्कूटर चाळीसच्या वर नेली नाही, त्या माणसाले रिटायर झाल्यावर गाडीत जास्तीची ताकद काहून पाहिजे होती?

गाडी आणली तो दिवस आठवते? एका डॉक्टरनं वापरलेली, टर्बोवाली डिझेल. गुढियारीच्या आपल्या गल्लीत शिरली तर अख्खा पारा, सारा मोहल्ला बाहेर! तुम्ही बोनेट उघडून असे उभे, जसा काही घरात नातू झाला. मी विचारलं, "हे टर्बो म्हणजे काय हो?" तुम्ही म्हटलं, "चुलीले फुंकणीनं हवा मारली की जाळ कसा भडकते? तसंच. आमच्या रेल्वेच्या इंजिनात पण हेच होतं." इतकं सोपं करून सांगणारा माणूस बाकीचं काहून पोटात ठेवत होता?

बरं, घेतली तर घेतली. तिथंच थांबले का? अभनपूर रोडवरच्या रिझवानच्या गॅरेजमध्ये जाऊन बसायले लागले. तिच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली, हवेचे पाइप बदलले, हवा थंड करायची मोठी जाळी लावली. मी विचारलं की एकच उत्तर, "ताकद वाढवून राहिलो." म्हातारपणी याले चळ लागला, असंच वाटलं मले. बाजूच्या दीदीनं तर तोंडावर विचारलं, "भाईसाहब रेस लगाएँगे क्या?" लाजेनं मेली मी!

खूप विचार केला मी यावर. तुम्ही मालगाडीचे ड्रायव्हर. कोळसा भरून निघायचं आणि जागोजागी बाजूच्या लाइनीवर उभं राहायचं, मेल-एक्सप्रेसले जाऊ द्यायचं. मले वाटलं, जन्मभर सगळे पुढं निघून गेले, आता एकदा तरी याले पुढं जायचं असेल. पण कुठचं काय! नव्या रायपूरच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर तुम्ही डाव्या कडेनं असे चालवत की सायकलवाला मागं वळून पाहे. मी म्हटलं पण, "एवढ्या ताकदीचं काय लोणचं घालता?" तुम्ही नुसते हसले.

मालगाडीचं तुमचं कौतुक एकच होतं. साहू गार्डाची ती गोष्ट तुम्ही ताटावर बसले की सांगत. आपला पोट्टा निखिल पण पाठ म्हणून दाखवायचा. मालगाडी घाईनं ओढली की डब्यामागून डब्याले हिसका बसत जाते, आणि सगळ्यात मोठा हिसका शेवटी गार्डाच्या डब्याले. म्हणून साहूजी गाडी सुटायच्या वेळी भरलेला चहाचा गिलास हातात धरून बसत. गाडी उचलली की वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज येई, "चाय सलामत हे, साहब!" हे सांगताना तुमची छाती कशी फुगायची! रेल्वेनं दिलेल्या प्रशस्तीपत्राले तुम्ही कधी साधी फ्रेम नाही केली.

इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. सांगते कसा.

गाडी आली त्या पहिल्या रविवारी तुम्ही मले फिरायले नेलं. टपरीवर थांबले, घरून आणलेल्या स्टीलच्या गिलासात काठोकाठ चहा घेतला आणि माझ्या हातात दिला. "पिऊ नको, नुसता धर." धरला. गाडी आधी झोपल्यासारखी, मग तो टर्बो जागा झाला आणि मागून कोणी लाथ घातल्यासारखी पुढं! अख्खा चहा माझ्या हळदी रंगाच्या साडीवर. माझ्या कंबरेचा मणका आधीच सरकलेला, जीव गेला माझा. "तुमच्या जर्मनीपेक्षा मले आपला ऑटो बरा," म्हणून मी कितीतरी रविवार गाडीत बसलीच नाही.

मग गॅरेजच्या चकरा झाल्यावर तुम्ही हातापाया पडून मले पुन्हा नेलं. पुन्हा तोच गिलास. चहा सांडला नाही, कंबरेत कळ आली नाही. आणि मी काय म्हटलं? "रस्ता मस्त केला हो सरकारनं!" रस्ता तोच, टपरी तीच, पण मी साऱ्या पाऱ्याले सांगत फिरली की नव्या रायपूरच्या रस्त्यानं माझी कंबर बरी केली. तुमच्या समोर सांगतलं. तुम्ही पेपरातून मान वर न काढता म्हटलं, "हव, रस्ता चांगला आहे."

धन्य आहे तुमची! एक शब्द तोंडातून काढता येत नव्हता?

आता आजचं. आपला निखिल पुण्याहून महिनाभर मागं लागला होता. "मम्मी, बेच दो न. खड़े-खड़े ख़राब हो जाएगी. तुम थोड़ी चलाओगी." मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देते, लहानपणापासून तसंच. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. सकाळी रिझवान गाडी तपासायले आला. मी म्हटलं, बेटा, जायच्या आधी मले एकदा नव्या रायपूरले फिरवून आण. मनात म्हटलं, याले त्या ताकदीचं विचारूनच सोडते.

टपरीपाशी त्यानं गाडी हळू केली आणि मलेच विचारलं, "आंटी, गिलास नहीं लाईं?"

"कौन सा गिलास?"

"वही स्टील वाला. अंकल हर ट्रायल में भरके मुझे पकड़ा देते थे और ख़ुद चलाते थे. ज़रा-सा छलका कि बोलते, नहीं बेटा, फिर से कर."

"पर इतनी ताक़त का करना क्या था उनको?"

तो हसायले लागला. "यही मैंने पूछा था. मेरे पास लड़के आते हैं, बोलते हैं, ऐसी बना दो कि आदमी सीट से चिपक जाए. अंकल अकेले थे जो बोले, ताक़त इतनी दे कि पता ही न चले. बोले, कमज़ोर इंजन झटका मारके उठाता है, ताक़त वाला चुपचाप उठा लेता है. मैंने कहा, अंकल, अब कौन-सी मालगाड़ी खींचनी है? तो बोले, मेरी गार्ड बैठती है बग़ल में, उसकी कमर ख़राब है."

रडली हो मी. त्या पोराच्या समोर, भर रस्त्यात, पदर तोंडाले लावून रडली. तुमची गार्ड! मले कधी सांगतलं का तुम्ही? मी एकदा तरी म्हटलं असतं, "चहा सलामत आहे, साहेब." तेवढं ऐकायलेच दर रविवारी माझ्या तोंडाकडे पाहत होते ना? आणि मी रस्त्याचं कौतुक करून राहिली!

मग डोळे पुसले आणि रिझवानले म्हटलं, उतर, मले चालवू दे. शाळेत नोकरीले होती तोवर आपली जुनी छोटी गाडी मीच नेत होती, पण ही? क्लच सोडला तर असा हिसका बसला की रिझवाननं दाराचं हँडल धरलं आणि काहीतरी पुटपुटला. दुआच मागत असेल बिचारा.

घरी येऊन गिऱ्हाइकाले नाही म्हणून कळवलं. निखिल फोनवर म्हणे, "मम्मी, सच में? इतनी पावर तुमसे सँभलेगी?" मी म्हटलं, ताकद सांभाळायची नसते रे, लपवायची असते. तुझ्या बापाले विचार. तो पहिल्यांदा मराठीत म्हणाला, "बरं, आई."

संध्याकाळी गिलास भरला, डाव्या सीटवर, जिथं मी बसत होती तिथं, उशीच्या बेचक्यात ठेवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेली. सांडला. सगळा सांडला. तुमच्या गाडीच्या सीटवर डाग पडला आहे, रागावू नका.

पण शब्द देते तुम्हाले. ही गाडी कुठं जाणार नाही, आणि दर रविवारी मी ती नव्या रायपूरले नेणार, तुमचा भरलेला गिलास बाजूले ठेवून. एक दिवस मी अशी उचलीन की थेंबही हलणार नाही. त्या दिवशी मी गाडी कडेले घेईन, काच खाली करीन आणि वाट पाहीन. या खेपेस गार्ड तुम्ही आहात. चूप बसू नका.

तुमचीच,
मालती