विशाखापट्टणमची खिडकी

रविवार संध्याकाळ, द्वारका

जिंकले! आज बिल्कुल जिंकले.

अंदमानला जाताना विमान बदलायला विशाखापट्टणमला एक रात्र थांबायचंय. ह्यांचं म्हणणं, एअरपोर्टजवळचं कुठलंही हॉटेल घे, झोपायचंच तर आहे. हे फौजेतून रिटायर होईपर्यंत आम्ही तेच केलं. बदली झाली की ट्रान्झिट कॅम्प, मिळेल ती खोली आणि खिडकीबाहेर उभे ट्रक. मी कधी काही बोलले का? नाही. का नाही बोलले, कोण जाणे. पण या वेळी मला खिडकीतून जहाजं बघायचीत. बस्स.

बंदराजवळच्या एका हॉटेलला फोन लावला, स्पीकरवर. "सी व्ह्यू है, मॅडम." म्हटलं, भैया, वर जाऊन खिडकी उघडा आणि काय दिसतं ते सांगा. तो वर जाऊन आला. मग, "शादी हॉल की दीवार." हे पेपरामागे खुदखुदले. हसा!

दुसऱ्या हॉटेलातली मुलगी फोन घेऊनच वर गेली. तिनं खिडकी उघडली आणि जहाजाचा भोंगा ऐकू आला. इतका लांबलचक, की आमचा हॉल भरून गेला. ह्यांनी पेपर खाली ठेवला. मी तीच खोली पक्की केली. तीच खिडकी.

फोन ठेवणार तेवढ्यात हे हळूच म्हणाले, "दोन रात्री मिळतील का, विचार की."

मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. पुन्हा म्हणायला लावलं. मोठ्यानं.