तीन नंबरच्या कोर्टाची मागची रेषा

प्रिय बारक्या,

जिंकलो! हे आधी वाच आणि मग चष्मा पुसून पुन्हा वाच. बागेतली टेनिसची कोर्टं कुलपात जाणार नाहीत. चारही नाही, पण दोन तरी पूर्वीसारखीच राहणार, कुणीही यावं आणि खेळावं अशी. काल सकाळी अकराला नगरपालिकेच्या सभागृहात जनसुनावणी सुरू झाली आणि दीडला मी बाहेर पडले ती घसा बसलेल्या अवस्थेत. आज तर आवाजच फुटत नाही. तुझे दाजी म्हणतात, चाळीस वर्षांनी घरात शांतता आली आहे, दोन दिवस टिकू दे. म्हणून तुला फोन न करता लिहायला बसले आहे. निदान दाजींना मी तसं सांगितलं आहे.

तुला मुळापासून सांगते. महिन्यापूर्वी बागेच्या फाटकावर नोटीस लागली. कोर्टांच्या देखभालीला निधी नाही, सबब तासाला शुल्क, मोबाइलवरून आगाऊ नोंदणी आणि आकडे दाबून उघडायचं कुलूप. नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. सोबत एक छापील अर्ज. त्यात प्रश्न काय, तर शुल्क किती असावं? खाली अ, ब आणि क. शुल्क असावं का, हा प्रश्नच नाही! मान कापायला सुरी कुठली आवडेल एवढंच विचारायचं आणि त्याला लोकांचं मत म्हणायचं. माझं डोकं असं तापलं की मी तिथेच फाटकाला टेकून पेनानं चौथा पर्याय लिहिला, ‘ड) नको’. मग ग्रंथालयाच्या पायरीवर टेबल टाकून सहा दिवस बसले. लाँड्रीवाल्या काकू आठवतात ना? सत्तरी उलटली तरी बॅकहँड तोच आहे. त्या माझ्या शेजारी बसून प्रत्येकाला दटावत होत्या, “नुसती मान हलवू नकोस, लिही.” सहाशे बारा अर्जांवर ‘ड’ आला, बारक्या.

सुनावणीला मी जय्यत तयारीनं गेले. जुन्या शहरांच्या सभा, पहिली सार्वजनिक वाचनालयं, रस्त्यावरचे दिवे लावावे की नाही यावर झालेले वाद, सगळं वाचून काढलं होतं. तू म्हणशील, टेनिसच्या चार कोर्टांसाठी एवढं? हो, एवढंच! दिव्याखाली उभं राहायचे पैसे कुणी मागत नाही, मग मोकळ्या आभाळाखाली चेंडू मारायचे का मागावेत?

पण माझ्या आधी कोचबाई बोलल्या. तिशीची, खणखणीत आवाजाची ही मुलगी बागेत मुलांना शिकवते आणि तिला शुल्क हवं आहे. ती म्हणाली, “फुकट म्हणता, पण जाळी फाटून पाच वर्षं झाली. मी घरून स्वतःची आणते. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, असं झालंय तिथे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि खरं सांगते, माझाही हात उचलला गेला होता. ती चुकीचं बोलत नव्हती. चाळीस वर्षं मी ‘आपली बाग, आपली बाग’ म्हणून भाषणं केली, पण जाळीला एक टाका घातला नाही.

मग उद्यान अधीक्षकबाईंनी मला विचारलं, नोंदणी नको तर कुणाची पाळी कधी, हे ठरवणार कोण? मी वाचलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि आपली बाग सांगितली. आल्यावर रॅकेट तारेच्या कुंपणात अडकवायची, ज्याची पुढे त्याचा नंबर. न्यायाधीश साहेबांची रॅकेट काकूंच्या मागे असे आणि साहेब बाकावर मुकाट बसलेले असत. आणि पंच नाही. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं आणि समोरच्यानं ते मानायचं. मी म्हटलं, जगात दुसरी जागा दाखवा, जिथे स्वतःच्या विरुद्ध निकाल द्यायला माणूस वयाच्या दहाव्या वर्षी शिकतो. सभागृह अगदी माझ्या मुठीत होतं. तुला ठाऊक आहे, तो क्षण मला कळतो.

आणि नेमकी तेव्हा मला तीन नंबरच्या कोर्टावरची, बागेतल्या स्पर्धेची आपली अंतिम लढत आठवली. तू पंधरा, मी सतरा. घरात एकच रॅकेट, ती तू मला दिलीस आणि स्वतः औषधाच्या दुकानातल्या काकांची जड रॅकेट मागून आणलीस. जिंकणाऱ्याला मोठ्या क्लबात वर्षभर मोफत शिक्षण मिळणार होतं. तुला एकच पॉइंट हवा होता. तू मारलेला चेंडू माझ्या मागच्या रेषेपाशी पडला, मी बोट वर केलं, ‘बाहेर’, आणि तू मान डोलावलीस. तिथून माझ्यात जीव आला आणि मी सामना फिरवला. क्लबात मी जेमतेम चार महिने गेले, मग मला सभांचं वेड लागलं. तू मात्र पुन्हा कुंपणात रॅकेट अडकवली नाहीस. खांदा दुखतो, म्हणालास. आई बिचारी वर्षभर तुझा खांदा शेकत होती.

तर माझं भाषण रंगात असताना कोचबाई पुन्हा उठल्या आणि हसत म्हणाल्या, “मॅडम, एक विचारू? तुम्ही कधी खोटा ‘बाहेर’ दिला नाहीत?” सगळे हसले. उत्तर सोपं होतं. एक टोमणा मारायचा आणि पुढे जायचं, असे शेकडो मी परतवले आहेत. पण मी खाली माझ्या पायांकडे पाहू लागले. अधीक्षकबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. काकू मागून कुजबुजल्या, “अगं, काय झालं?” मग मी जे उत्तर दिलं ते खाली सांगते. ते ऐकून कोचबाईच म्हणाल्या, “दोन कोर्टं उघडी ठेवा. माझे वर्ग दुसऱ्या दोन्हींवर घेईन, त्या शुल्कातून चारही जाळ्या होतील.” अधीक्षकबाईंनी वर्षभरासाठी मान्य केलं. अट एकच, उघड्या कोर्टांची देखभाल आपण नागरिकांनी करायची. पहिलं काम रेषा रंगवण्याचं. रविवारी सकाळी सातला. मी ताबडतोब तीन नंबरचं कोर्ट मागून घेतलं, मागच्या रेषेसकट.

सोमवारी सुनावणीचं इतिवृत्त संकेतस्थळावर येईल, शब्दशः, आणि तू माझं प्रत्येक भाषण शोधून वाचतोस. ते तू तिथे वाचावंस हे मला सहन होणार नाही. आधीच दीडशे परक्या माणसांनी तुझ्याआधी ऐकलं आहे. मी म्हणाले, “दिलाय. एकदा. सख्ख्या भावाला.” बारक्या, तुझा चेंडू रेषेवर होता. तेव्हा कोर्ट मातीचं होतं आणि रेषा फक्कीच्या होत्या. चेंडू पडला तशी पांढरी फक्की उडाली, माझ्या बुटावर बसली आणि मी तो बूट मागे घेतला. तू दिवसभर तुझ्या चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंगं बदलून विचारतोस, आता नीट दिसतंय का? मला तेव्हाच नीट दिसलं होतं. सामना तुझा होता, ते वर्षही तुझं होतं, आणि तुझ्या खांद्याला काही झालेलं नव्हतं, हेही मला माहीत होतं. माफ कर असं म्हणायला माझ्याकडे कितीतरी सुंदर वाक्यं आहेत, पण त्यातलं एकही वापरत नाही. रविवारी ये. रेषा सरळ यायची तर आधी दोरी ताणावी लागते. एक टोक मी धरते, दुसऱ्या टोकाला माणूस लागतो.

तुझीच, निकाल उशिरा देणारी,
ताई