पाडव्याचं ओवाळणं

सारंगदादा,

काल तू न कळवता आलास, तेव्हा इकेन्ना पाटावर बसला होता आणि मी त्याला ओवाळत होते. पाडव्याला बायको कोणाला ओवाळते, हे तुला सांगावं लागलं नाही. आमचं लग्न तुला तिथेच कळलं.

"ह्याच्याशी?" एवढंच विचारलंस आणि पितळी समई उचललीस. डोकं वाचवायला त्याने उजवा हात वर केला. त्याच हातावर तू ती घालत राहिलास. तेल, रक्त, कुंकू सगळं फरशीवर एक झालं. लागोसच्या गल्लीतून इथल्या प्रोफेशनल संघापर्यंत ज्या हाताने त्याला आणलं, त्याची हाडं मोडताना मी ऐकली. त्याने उलट हात उगारला नाही. उगारला असता तर तू उठला नसतास.

डॉक्टर म्हणाले, बास्केटबॉल संपलं. त्यांना त्याने बाथरूममध्ये पडलो म्हणून सांगितलं. मला म्हणाला, "तुझा भाऊ आहे."

आज तुझा मेसेज आलाय: 'झालं गेलं विसर. भाऊबीज चुकवायची नाही. सहाला तुझ्या वुडलँड्सच्या घरी येतो.'

ये. समई मी पुसलेली नाही. पोलिसांनाही सहालाच बोलावलंय. हे पत्र पाठवलं तर तू येणार नाहीस, म्हणून पाठवत नाही.

पाट मांडून बसलेली,
कस्तुरी