मोतीबिंदू पिकायची वाट

अण्णा, आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि तेव्हापासून घाबरून गेलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही भीती तुमच्याशिवाय सांगू कुणाला? डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजव्यातही सुरू झालाय. सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला सारखा तुमचा डोळा आठवत होता.

कसब्यातल्या दुकानात तुम्ही भट्टीपुढे बसलाय, तांब्याचा बंब ठोकताय, तोंड लालबुंद. धगीसाठी काळा चष्मा लावा म्हटलं की म्हणताय, "मी काय सिनेमातला हिरो आहे?" मग एका डोळ्यात धुकं आलं. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नसतो, हे तेव्हा अख्ख्या आळीला पाठ होतं. त्यात लग्नसराई आली, मग उन्हाळा. दर रविवारी चहा झाला की तुम्ही मला दारात उभं करायचात आणि चांगला डोळा झाकून म्हणायचात, "हं, दाखव बोटं." मी तीन दाखवली की तुम्ही म्हणणार दोन. पुढे पुढे नुसता हात हलतोय एवढंच कळायला लागलं आणि तुम्ही खूश! "अगं ए, आला बरं का पिकत," असं आईला ओरडून सांगायचात. आम्ही सगळे हसायचो. मग त्या श्रावणात एका दुपारी डोळा लालभडक झाला, डोकं फुटेल इतकं दुखायला लागलं, जेवलेलं सगळं उलटून पडलं. डॉक्टर म्हणाले, फार पिकला, आत दाब वाढला, नस गेली. "आधी का नाही आलात?" असं विचारलं त्यांनी. तो डोळा कायमचा गेला.

आणि एवढं बघूनही मी आज काय विचारावं? "पिकू द्यायचा ना अजून?" डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. म्हणाल्या, "अहो मावशी, आंबा आहे का तो, आढीत घालायला?" अगदी तुमच्यासारखं बोलतात. रोजच्या कामात अडायला लागलं की काढायचा, तुमचं आता अडतंय, म्हणाल्या. डोळ्यांची लाली जावी म्हणून मी मेडिकलवाल्याला विचारून वर्षभर थेंब घालत होते, ती बाटली बघून तर त्यांनी कपाळावर हात मारला. त्यात स्टिरॉइड होतं. त्यानेही मोतीबिंदू होतो, दाबही वाढतो. मग साखर आटोक्यात ठेवा, उन्हात चांगला गॉगल आणि टोपी घाला, दर वर्षी दाब तपासून घ्या, असं बरंच सांगितलं. दाब शब्द ऐकला आणि पुढचं मला अर्धंमुर्धंच ऐकू आलं. माझा दाब अजून ठीक आहे म्हणे. ऑपरेशन आता सोपं असतं म्हणे. असेल. मला भीती वाटते, अण्णा. डोळ्याला कुणी हात लावणार, याचीच.

मी मुळात दवाखान्यात गेले ती गेल्या आठवड्यातल्या त्या सकाळमुळे. आम्ही आता वाघोलीत राहतो. नातीला स्कूटरवर पुढे उभी करून मी रोज शाळेत सोडते. वळणावर ऊन समोरून आलं आणि सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यातून एकदम डंपर निघाला. कसा ब्रेक लागला देव जाणे. पोरगी हसून म्हणते, "आजी, परत!"

हा कागद लिहून झाला की फाडून टाकणार आहे, घरात कुणाच्या हाती लागायला नको. कारण घरी मी सांगितलंय की डोळे ठणठणीत आहेत. खरं सांगितलं तर पोरीला माझ्याकडे देणार नाहीत, आणि तिच्याशिवाय माझ्या दिवसात दुसरं आहे काय? उद्या सकाळी तिला सोडायला मीच जाणार आहे. नाही म्हटलं, तर का ते सांगावं लागेल.