दहापैकी साडेसहा

ता. ३ मार्च

चि. धाकोबास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं इंग्रजीचं पान पोचलं. तपासून सोबत परत पाठवते आहे. या खेपेला दहापैकी साडेसहा! मागच्या वेळी पाच होते, तेव्हा मिशीला थोडा पीळ द्यायला हरकत नाही.

स्वल्पविराम मात्र तू अजून मुठीने पेरतोस. वाक्य संपलं की पूर्णविराम द्यावा आणि गप्प बसावं. 'इट्स' दोन असतात आणि 'त्याचं' म्हणायचं असेल तर वर शेपटी लटकवायची नसते, हे चौथ्यांदा सांगते आहे. सल्ला आणि सल्ला देणं यांत 'सी' आणि 'एस'ची अदलाबदल केली आहेस. सहाव्या ओळीत 'लूझ'मध्ये एक 'ओ' जादा घातलास, त्यामुळे जे हरवायचं ते नुसतं सैल झालं. वय पन्नाशीला टेकलं तरी धांदरटपणा तोच.

या वेळी सोबत मराठी चिठ्ठी नव्हती. गोदामाच्या मॅनेजरसाहेबांनी मुकादमांना इंग्रजी यायलाच हवं म्हटलं, म्हणून आमच्याशीही मराठी बंद केलंस की काय? मोठा साहेब लागून गेलास! माझ्याकडे शाळेच्या पुस्तकांची प्रुफं ढिगाने येऊन पडली आहेत, मान वर करायला फुरसत नाही. पुढचं पान लवकर पाठव. वहिनीला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
ताई

ता. ९ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. रागाने लिहिते आहे, हेही आधीच सांगते.

यांच्या घशात गाठ आहे. दोन महिने आवाज बसला होता. क्रेनवाल्यावर ओरडून ओरडून बसला असेल म्हणून आम्ही गुळण्या करत राहिलो. आता वीस तारखेला ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर म्हणतात जीवाला धोका नाही, पण आवाज बहुतेक जाईल. हे सगळं यांनी तुम्हाला त्या पानावर लिहिलं होतं. ऑपरेशनच्या आधी एक दिवस तरी ये, असं शेवटी लिहिलं होतं. पाकिटात घालण्याआधी मला अर्थ सांगत वाचून दाखवलं. मी म्हटलं, अहो, निदान एवढं तरी मराठीत लिहा. तर म्हणाले, मराठीत लिहायला घेतलं की हात थांबतो, इंग्रजीत लिहिलं की दुसऱ्याच कुणाचं तरी दुखणं वाटतं.

तुमचं पाकीट यांनी दारात उभ्या उभ्याच फोडलं. आत लाल शाई आणि साडेसहा मार्क. हसले. म्हणाले, दीड मार्क वाढला. आणि मग जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, की ताईला यायला जमत नसेल, पुन्हा बोलवायचं नाही.

वन्सं, तुमच्याइतकं इंग्रजी मला सात जन्मांत यायचं नाही. पण माणूस 'ये' म्हणतो आहे एवढं मला कुठल्याही भाषेत कळलं असतं. अधिक-उणं लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला. मी मोठ्यांना उलटून बोलणारी नाही, हे तुम्ही जाणता.

आपली,
भावजय

ता. १२ मार्च

चि. धाकोबास अनेक आशीर्वाद.

वहिनीने सगळं कळवलं. तिला त्यावरून एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

ते पान मी वाचलंच नाही रे. तपासलं. छापखान्यात आम्ही प्रुफं खालून वर तपासतो. ओळीखाली पट्टी धरायची आणि शेवटच्या ओळीपासून पहिलीकडे यायचं. सरळ वाचलं की मजकुराच्या नादात चुका निसटतात, म्हणून मजकूर डोक्यात शिरूच द्यायचा नाही. सव्वीस वर्षांची सवय आहे. तुझी पानंही मी तशीच तपासत आले, चूक एकही सुटू नये म्हणून. त्या सहाव्या ओळीतला जादा 'ओ' मला सापडला आणि त्याच्या शेजारी तुझा आवाज होता, तो दिसला नाही. तू 'ये' म्हणालास, त्यापुढे मी नीट पूर्णविराम दिला आणि पुढचा कागद ओढला.

मला माझी लाज वाटते. आईच्या मागे धाकट्याला मीच वाढवलं, असं चारचौघांत मिरवत असते मी. वहिनीचं पत्र वाचून मी छापखान्यातच रडले, आणि सगळे बघत होते तरी आवरलं नाही.

मालक म्हणाले, ऐन हंगामात रजा मिळणार नाही. मी म्हटलं, मग माझ्या जागी दुसरी कुणी बघा. तेव्हा कुठे त्यांनी रजा दिली. एकोणीसला सकाळी पोचते. तोवर उगाच बडबड करून घसा शिणवू नकोस. माझ्या वाट्याचं बोलणं शिल्लक ठेव. तुझ्या या अडाणी बहिणीवर राग धरू नये.

ताई

ता. १८ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

टाके निघाले, जखम सुकली. गाठ मुळापासून निघाली आहे, असं डॉक्टर म्हणतात. आवाज मात्र गेला तो गेलाच, हेही त्यांनी परवा स्पष्ट सांगितलं. ऐकलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर ही म्हणाली, की लग्नाला चोवीस वर्षं झाली, आता कुठे तिचं वाक्य पुरं व्हायला लागलं आहे. आम्ही दोघंही हसलो. माझ्या हसण्यालाही आवाज नाही, त्याची सवय व्हायला वेळ लागेल.

क्रेनपाशी ओरडायला आता दुसरा मुकादम आला आहे. साहेबांनी मला आत टेबल दिलं. आला-गेला माल बघायचा आणि रोजचा अहवाल इंग्रजीत लिहायचा. पहिल्याच अहवालात तीन चुका निघाल्या, पण साहेब तुझ्यापेक्षा दयाळू आहेत, पेन्सिलीने खुणा करतात. नोकरी टिकली ती तुझ्या मारझोडीमुळे, हे मान्य करतो.

तू मागच्या पत्रात विचारलंस, की त्या एकोणीस तारखेला मी काहीच महत्त्वाचं का बोललो नाही. एवढ्या लांबून आलीस, दिवसभर समोर बसलीस, आणि मी आपलं ताई पाणी दे, ताई खिडकी उघड, ताई खिडकी लाव, ताई माझा चष्मा कुठे आहे. चष्मा नाकावरच होता. शेवटी तू वैतागलीस आणि म्हणालीस, की किती हाका मारशील, मी काय बहिरी आहे, काय बोलायचं असेल ते एकदाचं बोलून टाक.

बोलायचं असं काही नव्हतं गं. तहानही लागली नव्हती. बोलायला लागल्यापासून जी हाक मारत आलो, ती एक दिवस पोटभर मारून घ्यायची होती.

ही तुला नमस्कार सांगते. आहे तो लोभ आटू देऊ नये.

तुझा,
धाकोबा