आवाजाची परवानगी

इस्लापूर, ६ जानेवारी २०२६

चि. लुंबिनीस,

बाबाचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू कायम घाईत, म्हणून लिहितो. तूर बरी आली. शेजारची सिंधू दोन भाकरी आणून देते. तुझ्या आईच्या हाताची सर नाही, पण सिंधूला सांगू नको, नाहीतर तेवढ्याही बंद होतील.

तुझ्या आईची निंदणीची गाणी तुमच्या संग्रहालयाच्या साइटवर होती, ती लागेनात. मन्मथच्या दुकानात फोन दाखवला. तो म्हणतो नवा घ्या. त्याला काय, विकायचेच आहेत. तू बघशील का? संध्याकाळ जाता जात नाही.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा बाबा,
साहेबराव

लातूर, १३ जानेवारी २०२६

ति. बाबांस,

लुंबिनीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन बिघडलेला नाही. गाणी मीच काढली. लोकांचे आवाज, फोटो इंटरनेटवर कोणत्या अटींवर ठेवावेत, याचे नियम सरकार ठरवतंय. त्यावर संग्रहालयांचं मत मागवलंय आणि आमचं मत मी लिहिलं. ज्याचा आवाज, त्याला स्वतःला विचारलं नसेल तर तो जगापुढे उघडा ठेवू नये, असं ठणकावून लिहिलं. गाणी टेप करायला माणसं आली तेव्हा बायकांना कोणी विचारलं होतं? नवऱ्यांनी मान हलवली की झालं, अशीच रीत होती. आईचंही तसंच झालं, आणि आता विचारायला ती राहिली नाही. म्हणून सुरुवात आपल्याच घरापासून केली.

तुम्ही रोज ऐकता हे मला ठाऊकच नव्हतं, बाबा. पत्र वाचून ऑफिसातच रडू आलं. गाणी तुमच्या फोनवर पाठवते आहे. आमचं मत सोमवारपर्यंत द्यायचंय. तुम्ही म्हणाल तर तेवढं वाक्य खोडते आणि गाणी परत लावते.

गुडघ्याला तेल लावा, आणि माझ्यावर रागावू नका.

तुमची,
लुंबिनी

इस्लापूर, १६ जानेवारी २०२६

चि. लुंबिनीस,

बाबाचा जयभीम. वि. वि.

गाणी पोचली. ऐकली. वाक्य खोडू नको. तुझ्या आईला, सुमनला विचारलं असतं तर तिनं लई आढेवेढे घेतले असते आणि मग गायलीच असती. पण विचारायला पाहिजे होतं. माझी मान हलली, ती काय तिची परवानगी नव्हे. सरकारला ठासून सांग.

एकच सांगतो. साइटवर गाण्याखाली किती वेळा ऐकलं त्याचा आकडा यायचा. संध्याकाळी मी ऐकलं की एकानं वाढायचा. सकाळी बघावं तर आणखी वाढलेला. मला वाटायचं, रात्री तू ऐकतेस. पोरगी दमून आईपाशी बसली असेल, कशाला मधे बोलायचं, म्हणून मी फोन करत नव्हतो. आता फोनातल्या गाण्याखाली आकडा नाही. घरात मी एकटाच ऐकून राहिलो, असं वाटतं.

तूच ऐकत होतीस ना? नसलीस तरी हो म्हणून लिही.

माया कमी करू नको.

तुझा बाबा